‘ङ’ची हद्दपारी

१

मराठी समीक्षेत ‘निर्वसाहतीकरण’ ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. वसाहतोत्तर साहित्यविचारावरील व्याख्यान असो, तौलनिक साहित्याचा प्रबंध असो की देशीवादावरील परिसंवाद असो, केनियाच्या एका कादंबरीकाराचे नाव त्यात आल्यावाचून सहसा राहत नाही. ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ ह्या १९८६ सालच्या पुस्तकात ज्याने इंग्रजी लेखनाचा निरोप घेतला आणि आपल्या मातृभाषेतच लिहिण्याचा निश्चय जाहीर केला, तो हा लेखक. २०२५ मध्ये त्याचे निधन झाले. मराठीत त्याचे नाव ‘न्गुगी वा थिओंगो’ असे लिहिण्याची प्रथा आहे. ज्याच्या नावाने निर्वसाहतीकरणाचा उद्घोष चालतो त्याचेच नाव ह्या प्रथेत तीन ठिकाणी मोडले जाते, ह्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

ह्या लेखकाच्या भाषेत सात स्वर आहेत. रोमन लिपीने तिला पाचच स्वराक्षरे दिली. उरलेल्या दोन स्वरांसाठी ‘आय’ आणि ‘यू’ ह्या अक्षरांवर नागमोडी रेघ, म्हणजे टिल्ड, देण्यात आली. पोर्तुगीजमध्ये अशी रेघ अनुनासिक दाखविते. येथे तिचा अनुनासिकाशी संबंध नाही. टिल्ड असलेला ‘आय’ मराठीतील ‘ए’च्या जवळचा आणि टिल्ड असलेला ‘यू’ ‘ओ’च्या जवळचा स्वर दर्शवितो. तेव्हा लेखकाचे पहिले नाव ‘ङ्गोगे’च्या जवळ जाणारे आहे आणि त्याच्या भाषेचे नाव ‘गिकुयु’ नसून ‘गेकोयो’ आहे. दुसऱ्या नावातील गोष्ट अधिक बोलकी आहे. तेथे ‘एन’ आणि ‘जी’ ह्या अक्षरांनंतर अपॉस्ट्रॉफी येते. गेकोयोच्या लेखनात नुसती ‘एन-जी’ ही जोडी ‘ङ्ग’ असा उच्चार दाखविते; अपॉस्ट्रॉफी आली की ‘ग’ गळतो आणि निव्वळ ‘ङ’ उरतो. आरंभीच्या व्यंजनाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला तरी ‘थिओंगो’ हे चूक आहे; तेथे ‘थिओङो’ हवे.

रोमन लिपीला हा ध्वनी लिहिण्यासाठी अपॉस्ट्रॉफी लावावी लागली किंवा नवे अक्षर घडवावे लागले. मराठीच्या वर्णमालेत मात्र ‘क’वर्गाच्या अखेरीस ते अक्षर आयते बसलेले आहे. म्हणजे जगातील ज्या मोजक्या लिप्यांना हे नाव सहज पेलता आले असते त्यांत देवनागरी आहे. तरीही मराठी समीक्षक ‘ंगो’ लिहितो, कारण तो हे नाव गेकोयोतून घेत नाही; इंग्रजी ग्रंथसूचीतून, तेही चिन्हे झडलेल्या अवस्थेत, घेतो. वसाहतवादाविरुद्धचा पुकारा ज्या वाटेने मराठीत येतो ती वाट वसाहतीचीच आहे, ह्याचा ह्याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

हा प्रश्न शुद्धलेखनाचा किंवा उच्चाराच्या काटेकोरपणाचा म्हणून हातावेगळा करता येणार नाही. अल्पसंख्य आणि मूलनिवासी समाजांच्या भाषांनी रोमन लिपीत जी अक्षरे बदलून किंवा वाढवून घेतली, ती त्यांच्या संहितांचा भाग आहेत. ती गाळून केलेले वाचन त्या संहितेचे वाचन होत नाही, आणि अशा वाचनावर उभारलेला सिद्धान्त त्या समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार गमावून बसतो.

२

‘ङ’ ह्या ध्वनीसाठी रोमन लिपीत जे स्वतंत्र अक्षर घडले त्याचे नाव एंग. लहान ‘एन’च्या उजव्या पायाला खाली जाऊन डावीकडे वळणारी शेपटी जोडली की एंग तयार होते. ह्या शेपटीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. बाराव्या शतकातील एका आइसलँडिक व्याकरणग्रंथात ह्या ध्वनीसाठी स्वतंत्र चिन्ह योजलेले आढळते. १६१९ साली लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचे प्रमुख अलेक्झांडर गिल ह्यांनी ‘लोगोनोमिया अँग्लिका’ ह्या ग्रंथात खुद्द इंग्रजीसाठी शेपटीचा ‘एन’ वापरला. पुढे १६६९ साली विल्यम होल्डर ह्यांनी ‘एलिमेंट्स ऑफ स्पीच’ ह्या ग्रंथासाठी ह्याच अक्षराची योजना केली. पण मुद्रकाने त्या जागी कुठे ‘एन’ तर कुठे ‘वाय’ बसविला आणि ग्रंथकर्त्याला शुद्धिपत्रात तसा खुलासा करावा लागला. एंगच्या हद्दपारीची ही जुनी नोंद आहे, आणि ती एका इंग्रजी पुस्तकातील आहे.

इंग्रजीने हे अक्षर पुढे स्वीकारले नाही आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नाही. ‘सिंगर’ आणि ‘फिंगर’ ह्या दोन शब्दांत एकच अक्षरजोडी दोन वेगळे उच्चार दाखविते, परंतु इंग्रजीच्या वाचकाला शाळा, शब्दकोश, मुद्रणसंस्था आणि साम्राज्य ह्या सर्वांचे पाठबळ असल्यामुळे लिपीतील संदिग्धता त्याला जाचत नाही. संदिग्ध लेखन परवडणे हे सत्तेचे लक्षण आहे. ज्या भाषेची शाळा नाही, जिचा कोश एखाद-दुसरा, जिचे वाचक काही हजार, तिला प्रत्येक अक्षराकडून काम करून घ्यावे लागते.

एकोणिसाव्या शतकात ह्या ध्वनीकडे युरोपीय भाषाशास्त्राचे लक्ष वळले ते पुन्हा इतरांच्या भाषांमुळे. लेप्सियस ह्यांनी १८५५ च्या सुमारास सर्व भाषांसाठी जी प्रमाण वर्णमाला सुचविली तीत ‘एन’वर बिंदू देऊन हा ध्वनी दाखविला होता, संस्कृतमधील ‘ङ’ रोमनमध्ये लिहिताना प्राच्यविद्येचे अभ्यासक हेच चिन्ह वापरतात. १८८८ साली आंतरराष्ट्रीय ध्वनिवर्णमालेने मात्र शेपटीचा ‘एन’ पसंत केला. १९२६ साली लंडनमध्ये आफ्रिकी भाषा व संस्कृती ह्यांच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. डीड्रिख वेस्टरमान ह्यांच्या पुढाकाराने तिने १९२७ साली आफ्रिकी भाषांच्या लेखनासाठी जी पुस्तिका काढली, तीत एंगला स्थान मिळाले. अक्षरावरील टिंबे आणि रेघा घाईच्या लेखनात गळून पडतात, डोळ्याला त्रास देतात; त्यापेक्षा स्वतंत्र आकाराचे अक्षर टिकाऊ, असा ह्या पुस्तिकेचा युक्तिवाद होता. घाना आणि टोगोमधील एवे, युगांडातील गांडा व अचोली, पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ, बाम्बारा आणि मेंडे अशा अनेक भाषांत एंग रुजले. युरोपच्या उत्तर टोकाला सामींनी आणि ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँडमध्ये योल्ङु समाजाने ते घेतले. केनियात मात्र अपॉस्ट्रॉफीचीच पद्धत राहिली. थिओङो ह्यांच्या नावात जे दिसते ते ह्या अक्षराचे अपॉस्ट्रॉफीच्या वेषातील रूप होय.

३

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो भाषाशास्त्राच्या बाजूने. भाषा म्हणजे ध्वनी. लिपी हा तिचा बाह्य पोशाख. पोशाखावरून माणसाची पारख करू नये, असा हा आक्षेप आहे. सोस्यूर ह्यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून त्याला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु साहित्यसमीक्षेचा विषय ध्वनिव्यवस्था नसून संहिता हा आहे, आणि संहिता अक्षरांत असते.

लेखकाला हे समीक्षकाच्या आधी कळते. गेकोयोमध्ये कादंबरी लिहू लागल्यावर तिच्या लेखनपद्धतीने आपली कशी अडवणूक केली, हे थिओङो ह्यांनी त्याच १९८६ च्या पुस्तकात सविस्तर सांगितले आहे. स्वरांची लांबी आणि शब्दांतील सूर दाखविण्याची पुरेशी सोय लेखनपद्धतीत नसल्यामुळे रात्री एका अर्थाने लिहिलेला परिच्छेद सकाळी दुसऱ्याच अर्थाने वाचता येई. उपाय एकच उरला : वाक्याचा संदर्भ असा आवळायचा की दुसरा अर्थ निघूच नये. म्हणजे १९७८ साली कामिती तुरुंगात शौचाच्या कागदावर लिहिल्या गेलेल्या आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीची वाक्यरचना अंशतः अक्षरांच्या टंचाईने घडविली आहे. क्रुसावरील सैतानाचा निर्देश करणाऱ्या तिच्या मूळ शीर्षकातच टिल्डधारी ‘यू’ आणि टिल्डधारी ‘आय’ ही दोन्ही अक्षरे आहेत. शैलीची मीमांसा करणाऱ्याने ह्या अक्षरांकडे दुर्लक्ष करावे, हे छंद न ओळखता ओवीची चर्चा करण्यासारखे आहे.

अक्षराची गरज किती मूलभूत असते हे दाखविणारी दोन उदाहरणे पुरेत. एवे भाषेत ‘नाव’ ह्या अर्थाचा शब्द एंगने सुरू होतो. योल्ङु समाजाच्या अनेक बोलींत ‘मी’ ह्या अर्थाच्या सर्वनामाचे पहिले अक्षर एंग आहे. आपले नाव सांगताना आणि ‘मी’ म्हणताना ज्याला हे अक्षर लागते, त्याला ते ऐच्छिक मुद्रणालंकार म्हणून दाखविणे हा उद्धटपणा होय. ‘योल्ङु’ ह्या समाजनामाचा अर्थच ‘माणूस’ असा आहे. त्यातील एंग काढून तेथे ‘एन-जी’ बसविली की इंग्रजी वाचक ‘योल्न्गु’ किंवा ‘योलंगु’ असे काहीतरी वाचतो, आणि माणूस ह्या शब्दाचाच बिघाड होतो.

४

दुसरा आक्षेप देशीवादाच्या बाजूने येतो आणि तो अधिक आवेशाचा असतो. ही अक्षरे त्या समाजांची नाहीतच. ती मिशनऱ्यांनी, वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी आणि युरोपीय भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर लादली. तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी कळवळा कशाला, असा त्याचा आशय. एंगचा वर दिलेला इतिहास ह्या आक्षेपाला वरकरणी पोषक आहे. परंतु वस्तूचा उगम आणि तिची मालकी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोमन लिपी इंग्रजांनीही रोमनांकडून घेतली आणि रोमनांनी इट्रस्कनांच्या मार्फत ग्रीकांकडून. उसनवारीचा दोष एकट्या दुबळ्यांच्याच माथी मारावयाचा असेल तर त्याला तत्त्व म्हणता येणार नाही.

खरा प्रश्न अक्षर कोठून आले हा नाही. ते ठेवावयाचे की टाकावयाचे हे कोणी ठरविले, हा आहे. न्यूझीलंडच्या माओरींनी एंग घेतले नाही. ते ‘एन’ आणि ‘जी’ ही जोडीच एक अक्षर म्हणून लिहितात, आणि त्यांच्या भाषेत त्यामुळे घोटाळा होत नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील वार्लपिरीतही जोडीच चालते. ग्रीनलंडमध्ये सॅम्युएल क्लाइनश्मिट ह्यांच्या १८५१ च्या लेखनपद्धतीपासून ‘के’सारखे दिसणारे एक खास अक्षर रूढ होते. १९७३ च्या सुधारणेने ते काढून तेथे ‘क्यू’ आणला, कारण जुने लेखन प्रत्यक्ष बोलण्यापासून फार दूर गेले होते. ते अक्षर गेले, पण ते भाषेच्या स्वतःच्या गरजेतून गेले. तेव्हा एंग पवित्र आहे असे कोणी म्हणत नाही. भाषकाच्या गरजेने अक्षर बदलणे आणि बाहेरच्याच्या सोयीने ते गाळणे ह्या दोन क्रियांत मात्र महदंतर आहे.

बाहेरच्याची सोय काय करू शकते हे सोव्हिएत राजवटीने दाखविले आहे. उत्तरेकडील चुकची, एवेंकी इत्यादी समाजांसाठी १९३१ च्या सुमारास रोमनवर आधारित एक एकीकृत वर्णमाला तयार झाली. तीत एंग होते. सहा-सात वर्षांतच धोरण फिरले आणि १९३७ च्या सुमारास ह्या सर्व भाषा सिरिलिक लिपीत ढकलल्या गेल्या. एंगच्या जागी कुठे अक्षरजोडी आली, कुठे ‘एन’पुढे अपॉस्ट्रॉफी आली. नुकते वाचावयास शिकलेल्या पिढीची पुस्तके तिच्या हातात असतानाच जुनी झाली. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चुकचीसाठी सिरिलिक ‘एन’लाच आकडी जोडून नवे अक्षर घडवावे लागले. हुकमाने घालविलेली शेपटी भाषेने दुसऱ्या लिपीत पुन्हा उगवून घेतली.

सामींचा अनुभव उलट दिशेने हेच सांगतो. नॉर्वेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सामींचे नॉर्वेजीकरण हे राज्याचे धोरण होते. १८९८ च्या परिपत्रकाने शाळेतील सामीचा वापर अगदी निकडीपुरता उरविला. आणि १९०२ च्या कायद्यान्वये फिनमार्क प्रांतातील सरकारी जमीन विकत घेण्यासाठी नॉर्वेजियन बोलता, वाचता आणि लिहिता येणे ही अट झाली. अक्षर आणि जमीन ह्यांचा संबंध इतक्या उघडपणे कायद्यात आल्याची उदाहरणे थोडी असतील. हे धोरण काय करून गेले ह्याचा अहवाल नॉर्वेच्या सत्य व सलोखा आयोगाने २०२३ साली संसदेपुढे ठेवला. ह्या पार्श्वभूमीवर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड ह्या तीन देशांत वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिली जाणारी उत्तर सामी भाषा १९७९ साली एका समान लेखनपद्धतीखाली आली, आणि तीत एंगसह सात खास अक्षरांचा समावेश झाला. तीन राज्यांच्या सीमांनी तोडलेल्या वाचकांना एका पानावर आणणारी ही अक्षरे आहेत. त्यांना मिशनऱ्यांचे उष्टे म्हणणाऱ्याने हा इतिहास वाचलेला नाही.

५

साहित्यसिद्धान्ताची ह्या बाबतीतील कामगिरी निराशाजनक आहे, आणि ती अधिक बोचते, कारण गेल्या अर्धशतकात ‘लेखन’ ह्या शब्दाचा जप सिद्धान्तानेच सर्वाधिक केला. १९५५ साली लेव्ही-स्ट्रॉस ह्यांनी ब्राझीलच्या नंबिक्वारा जमातीच्या नायकाने लेखनाची नक्कल करीत कागदावर रेघोट्या ओढल्याचा प्रसंग सांगितला आणि लेखनाचा संबंध सत्तेशी जोडला. १९६७ साली देरिदा ह्यांनी त्यावर हल्ला चढवून, व्यापक अर्थाने लेखन त्या समाजात आधीपासूनच होते असा प्रतिवाद केला. हा वाद आता पाठ्यपुस्तकांत गेला आहे. दोन्ही बाजूंना एक गोष्ट समान आहे. दोघांच्याही लेखी मूलनिवासी माणूस हा लेखनाविषयीच्या प्रश्नाचे उदाहरण आहे. लेखनपद्धती निवडणारा, तीवर भांडणारा, कादंबरी लिहिताना अक्षर अपुरे पडले म्हणून चडफडणारा लेखक म्हणून तो कुठेही येत नाही. लेखनाची महती गाणाऱ्या विरचनेला प्रत्यक्ष अक्षर दिसले नाही, असेच म्हणावे लागते.

दलझ आणि गातारी ह्यांनी काफ्कावरील १९७५ च्या पुस्तकात मांडलेली संकल्पना तर समीक्षकांना फारच सोयीची ठरली. त्यांच्या मते अल्पसंख्याकांचे क्रांतिकारक साहित्य म्हणजे अल्पसंख्य भाषेत लिहिलेले साहित्य नव्हे. अल्पसंख्य समाजाने बहुसंख्याकांच्या भाषेत घडविलेले साहित्य म्हणजे ते. प्रागमधील काफ्काची जर्मन हे त्याचे उदाहरण. काफ्कापुरती ही मांडणी मार्मिक आहे. परंतु तिचा सर्वत्र संचार सुरू झाल्यावर तिने समीक्षकाला एक परवाना दिला : अल्पसंख्याकांच्या साहित्यावर अधिकारवाणीने बोलावे आणि त्यांची भाषा, त्यांची लिपी, त्यांचे एकही अक्षर शिकण्याचा त्रास घेऊ नये. सामीत सामीसाठी लिहिणारा कवी ह्या व्याख्येत बसतच नाही.

असा कवी अस्तित्वात होता. निल्स-आस्लाक वाल्केआपा ह्यांच्या, सूर्याला पिता म्हणून संबोधणाऱ्या शीर्षकाच्या १९८८ च्या सामी काव्यग्रंथाला १९९१ साली नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला. त्याचे शीर्षकच खास अक्षरांवाचून लिहिता येत नाही. मूळ ग्रंथात कवितांबरोबर सामींची असंख्य जुनी छायाचित्रे आहेत. अनुवादांत ती घेतलेली नाहीत. अनुवाद वाचणाऱ्याच्या हाती संपूर्ण ग्रंथ येत नाही, आणि तो येत नाही हे त्याला कळावे, अशीच ही योजना आहे.

संहितेचा प्रश्न त्याही मागे जातो. योहान तुरी ह्यांचे सामी जीवनावरील १९१० चे पुस्तक हे सामी लेखकाने सामीत लिहिलेले पहिले लौकिक पुस्तक मानले जाते. त्याच्या हस्तलिखितातील लेखन एमिली डेमंट आणि भाषाशास्त्रज्ञ वीकलुंड ह्यांच्या हातून नीटनेटके होऊन छापले गेले. शंभर वर्षांनी, २०१० साली, त्याची आजच्या लेखनपद्धतीतील आवृत्ती निघाली. मग तुरींची संहिता कोणती? मराठीतील पाठचिकित्सेची परंपरा ज्ञानेश्वरीच्या एकेका पाठासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडली आहे. तिला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

६

तिसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा. संगणकयुगात हा प्रश्न सुटला आहे, एंगला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, आता तक्रार कशाची, असे ते विचारतात. सुटण्याचा क्रम पाहिला पाहिजे. १९८७ साली पश्चिम युरोपच्या भाषांसाठी जो आठ-बिटी प्रमाणसंच ठरला आणि पुढे संगणकविश्वाचा जणू मूळ आधार बनला, त्यात स्पॅनिशचा टिल्डधारी ‘एन’ होता, एंग नव्हते. ते नंतरच्या, उत्तरेकडील भाषांसाठीच्या वेगळ्या संचांत आले. राष्ट्रभाषेचे चिन्ह पहिल्या यादीत, अल्पसंख्याकांचे चिन्ह पुरवणीत, अशी ही उतरंड होती. पुरवणीतले अक्षर ज्या यंत्रावर नसे तेथे त्याची जागा चौकोनाने किंवा प्रश्नचिन्हाने घेतली.

युनिकोडने जागा दिली, पण तीही एकच. मोठ्या एंगची दोन रूपे आहेत. सामी लेखनात मोठ्या ‘एन’ला शेपटी जोडतात, आफ्रिकेतील अनेक भाषांत लहान एंगचाच आकार मोठा करून वापरतात. युनिकोडने दोघांना एकच संकेतांक दिला आणि रूप टंक घडविणाऱ्यावर सोपविले. ज्या टंकात एकच रूप घडविलेले असते तेथे एवेच्या किंवा गांडाच्या वाचकाला आपल्या अक्षराऐवजी सामींचे अक्षर पाहावे लागते, किंवा ह्याच्या उलट घडते. दोन दूरच्या अल्पसंख्य समाजांना एकाच खोलीत राहावयास सांगून प्रश्न मिटविल्याचे समाधान मानण्यासारखा हा प्रकार आहे.

आणि संकेतांक मिळाला म्हणजे नोंदणी कार्यालयाचे दार उघडते असेही नाही. कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत चिपेवायन ही अधिकृत भाषांपैकी एक आहे. तिच्यातील कंठद्वारीय स्पर्शाचे, प्रश्नचिन्हासारखे दिसणारे अक्षर युनिकोडमध्ये आहे. तरीही २०१५ साली तेथील मुलींच्या नावात ते अक्षर जन्मदाखल्यावर घेण्यास प्रशासनाने नकार दिल्याचे प्रकरण गाजले. भाषा अधिकृत, पण तिचे अक्षर अनधिकृत, अशी ही स्थिती. तंत्रज्ञान जे शक्य करते ते इच्छा नसेल तर घडत नाही. आणि ह्या इच्छेचा अभाव समीक्षकांच्या ग्रंथसूचीतही तितकाच दिसतो.

७

मराठीच्या अभ्यासकाने ह्या प्रश्नाकडे दूरस्थ कुतूहलाने पाहण्याचे कारण नाही. साहित्याला मराठीत ज्या शब्दाने संबोधिले जाते तो ‘वाङ्मय’ हा शब्दच ‘ङ’वर उभा आहे. वाक् आणि मय ह्यांच्या संधीत ‘क्’चा ‘ङ्’ झाला. छापखान्यांनी आणि टंकांनी त्यातील टिंब गाळून ‘वाड्मय’ असे रूप किती सर्रास चालविले हे सर्वांना ठाऊक आहे. ते रूप पाहून मराठीचा प्राध्यापक अस्वस्थ होतो, आणि त्याने व्हावेच. परंतु आपल्या शब्दातील एका टिंबासाठी अस्वस्थ होणारा अभ्यासक दुसऱ्याच्या नावातील तीन चिन्हे निर्धास्तपणे गाळतो, तेव्हा त्याची अस्वस्थता भाषेविषयीची नसून केवळ स्वत्वाविषयीची आहे असा निष्कर्ष निघतो.

रोमन लिपीतील अक्षरांच्या टंचाईचा अनुभवही मराठीच्या गाठी आहे. फादर स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले ते रोमन लिपीत. गिल ह्यांच्या एंगच्या तीन वर्षे आधी. ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी गोव्यातील मिशनरी लेखनाने रोमन अक्षर दुप्पट करण्याची युक्ती योजिली. आजचा मराठी वाचक हा ग्रंथ देवनागरीत वाचतो आणि तो मुळात ज्या अक्षरांत वाचकांसमोर आला त्यांची त्याला आठवणही राहत नाही. पुढे गोव्यात ह्याच रोमन लेखनाची परंपरा कोंकणीत जिवंत राहिली, तियात्र आणि कादंबऱ्या तीत लिहिल्या गेल्या. पण १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतील कोंकणी अशी व्याख्या केली. ह्या निर्णयामागील राजकारणाची गुंतागुंत मान्य केली तरी एक गोष्ट उरते : ह्या प्रसंगी वर्चस्वाची लिपी रोमन नव्हती, देवनागरी होती. महाराष्ट्रातील आदिवासी भाषांतील कथागीते देवनागरीत संकलित होतात, तेव्हा मराठीच्या कानाला जे ध्वनी ओळखता येतात तेवढेच कागदावर उतरण्याचा धोका असतो. त्या भाषांना कोणते जादा चिन्ह हवे हे त्या भाषकांना विचारून ठरविले गेले काय, हा प्रश्न प्रत्येक संकलनाच्या प्रस्तावनेला विचारता येईल. देशीवादाची खरी कसोटी तेथे आहे.

ह्यावर करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. परभाषेतील लेखकाचे नाव देवनागरीत आणताना ते इंग्रजीच्या मध्यस्थीने न आणता त्याच्या भाषेच्या लेखनपद्धतीवरून आणावे. जेथे मूळ लेखन द्यावयाचे तेथे ते सर्व चिन्हांसह द्यावे. प्रबंधाच्या आरंभी लिप्यंतराचे कोष्टक असावे, आणि परीक्षकाने ते तपासावे. ज्या विद्यापीठात निर्वसाहतीकरणावरील प्रबंध स्वीकारले जातात तेथे ज्या भाषेविषयी प्रबंध आहे तिची वर्णमाला तरी विद्यार्थ्याला येते काय, एवढा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला जावा. अनुवादकाने खास अक्षरे का गाळली किंवा का ठेविली हे एका वाक्यात सांगावे. ह्यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. ‘थिओङो’ असे लिहिण्यासाठी तर नवा टंकही लागत नाही. एवढेही ज्या समीक्षेला करावयाचे नाही, तिने वसाहतीच्या मनोवृत्तीविषयी इतरांना उपदेश करणे थांबवावे हे बरे.